निशाणी नांगर

पुणें आणि सुपें हीं दोन नांवें इतिहासाच्या पुस्तकांत इतक्या जोडीनें येतात कीं, लहानपणीं आम्हांस तीं एकाच घरचीं भावंडें वाटत. मालोजीराजांच्या जहागिरींत पुणें आणि सुपें, शहाजीराजांच्या जहागिरींत पुणें आणि सुपें. आणि १६५६ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं आपल्या सावत्र मामांच्या, संभाजी मोहित्यांच्या, हातून जें ठाणें काढून घेतलें तेंही सुप्याचेंच. पुढें एका भावंडाचें दैव उघडलें. दुसरें भीमथडीच्या कोरड्या माळावर बाजाराचें गांव होऊन राहिलें. आज चौफुल्याहून मोरगांवच्या मयूरेश्वराकडे निघालेला यात्रेकरू सुप्यावरून जातो, पण तेथें थांबण्याचें त्यास सहसा कारण पडत नाहीं. थांबलाच तर शहामन्सूरच्या दर्ग्यापुढें हात जोडतो, किंवा माळावर चिंकारा दिसतो का म्हणून गाडीच्या खिडकींतून डोकावतो. ह्या गांवानें एके काळीं सरकारची झोंप उडविली होती हें त्यास कोणी सांगत नाहीं. सांगणार तरी कोण? खुद्द आमच्या घरींही तें कोणी सांगितलें नव्हतें. आणि न सांगण्यास आमच्या घरापाशीं इतरांपेक्षां अधिक सबळ कारण होतें.

आमचें मूळ गांव सुप्याच्या टापूंतलें एक लहानसें खेडें. कुळकर्ण आमच्याकडे किती पिढ्या होतें तें देव जाणे. १९५० च्या कायद्यानें इतर कुळकर्णांबरोबर तेंही गेलें. वतन गेलें, वतनाचें ओझें मात्र माळ्यावर राहिलें. पांच वर्षांपूर्वीं वाड्याचें माळवद उतरविण्याची वेळ आली, तेव्हां तें ओझें खालीं आलें: एक पत्र्याची पेटी, तिच्यांत वाळवीनें निम्मीं खाल्लेलीं पंचांगें, आणि दोन मळकट रुमाल. रुमाल म्हणतांच आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें खिशांतलें फडकें येईल, म्हणून सांगतों कीं, दफ्तराच्या भाषेंत रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचें चौकोनी वस्त्र, आणि त्या वस्त्रांत बांधलेलें सारें कांहीं. आमच्या थोरल्या काकू तेव्हां नव्वदीच्या घरांत होत्या. त्यांनीं ओटीवरूनच निकाल दिला, “बंबात घाल रे ते सगळे. निदान पाणी तरी तापेल.”

आम्हांस राग आला खरा. पण त्यांत कागदांच्या प्रेमापेक्षां शरमेचा भाग अधिक होता. कारण ते कागद आम्हांस वाचतांच येत नव्हते. जें आमचे आजोबा वर्तमानपत्राप्रमाणें वाचीत, तें आम्हां पदवीधरांस मुंग्यांच्या रांगेसारखें दिसत होतें. दोन पिढ्यांत आमचें घर आपल्याच हस्ताक्षरापुढें निरक्षर झालें होतें. बंबांत घालण्यापूर्वीं निदान काय घालतों आहों हें तरी कळावें, एवढ्याच हट्टानें आम्हीं पुण्यास मोडीच्या वर्गांत नांव घातलें.

असे वर्ग आतां बरेच चालतात. राज्य सरकारचें पुराभिलेख संचालनालय ते भरवितें, भारत इतिहास संशोधक मंडळांतही ते होतात. दहा-बारा दिवसांत अक्षरओळख होते, आणि मग आपणांस कांहींच येत नाहीं हें कळतें. आधीं कागदभर आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्याखालीं हात न उचलतां अक्षरें लोंबकळत न्यावयाचीं. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं, विरामचिन्हांचें नांव नाहीं, शब्द कोठें संपला हें लिहिणाऱ्यानें सांगावयाचें नाहीं, वाचणाऱ्यानें ओळखावयाचें. आनंदीबाईंनीं ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आम्ही शाळेपासून ऐकत आलों होतों. पहिल्या आठवड्यांत आमच्या हातून तसे दहा-वीस खून रोज होत. वर्गांत एक निवृत्त बँक-कारकून होते, एक इंजिनियर होता, कॉलेजांतल्या दोन मुली होत्या, आणि जमिनीच्या दाव्यापायीं मोडी शिकावयास आलेला एक शेतकरी होता. सर्वांत झपाट्यानें तोच शिकला. आम्ही हौसेनें वाचीत होतों. त्याचें पोट त्या वाचण्यावर होतें.

वर्ग संपल्यावर आमच्या शिक्षकांनीं आम्हांस पेशवे दफ्तर दाखविण्यास नेलें. पुणें स्टेशनाच्या बाजूस, कौन्सिल हॉलच्या जवळ, ही दगडी इमारत उभी आहे. इंग्रजी अमदानींत तिला एलिएनेशन ऑफिस म्हणत. सरकारी महसुलांतून सुटलेल्या, म्हणजे इनामी, जमिनींचा हिशेब तेथें राही म्हणून हें नांव. त्या शब्दाचा दुसरा अर्थ परकेपणा असा होतो, आणि तोही कांहीं काळ खोटा नव्हता. १८१८ सालीं पेशवाई बुडाली तेव्हां एल्फिन्स्टननें पेशव्यांचें दफ्तर ताब्यांत घेवविलें. पुढें इनाम कमिशनानें लोकांच्या घरचे कागद मागवून त्यांत भर घातली. पण तें पाहूं मागणाऱ्या आपल्या संशोधकांस सरकार कित्येक दशकें दारांतच थोपवून धरीत असे. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत त्यांतून निवडून पंचेचाळीस भाग छापविले, तेव्हां कोठें त्या दगडी दाराची फट रुंदावली. आतां कोणीही अर्ज करावा, वाचनकक्षांत बसावें, रुमाल मागवावा आणि शिसपेन्सिलीनें टिपणें घ्यावीं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचें दारही असेंच सैल झालें आहे. १८९१ त कलकत्त्यास सुरू झालेलें आणि पुढें दिल्लीस नेलेलें तें दफ्तर आतां ‘अभिलेख पटल’ ह्या नांवानें आपले कांहीं कागद संगणकाच्या पडद्यावर आणून ठेवतें, सुप्याच्या एस्. टी. स्टँडवर बसूनही तें उघडतां येतें. त्याची सोय मोठी खरी, पण त्या पडद्यास वास नाहीं.

पेशवे दफ्तरांत शिरल्यावर पहिला विचार इतिहासाचा येत नाहीं, कापडाचा येतो. मांडण्यांवर रुमालांमागून रुमाल, पस्तीस हजारांवर. एखाद्या अवाढव्य परिटाच्या घरीं आल्यासारखें वाटतें. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, चिटणिशी, पागा, प्रांत अजमास, जमाव, अशीं त्या रुमालांचीं घराणीं. त्या दिवशीं निवडक कागदांचें एक लहानसें प्रदर्शनही मांडलेलें होतें. अशा प्रदर्शनांत गर्दी नेहमीं शिक्का-मोर्तबापुढें होते. मोठ्या माणसाची सही पाहून आपणही थोडे मोठे झालों असें सर्वांस वाटतें. आम्ही मात्र एका महजरापुढें रेंगाळलों. महजर म्हणजे गोतानें बसून दिलेला निवाडा. अशा निवाड्यांखालीं ज्यांस लिहितां येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी करीत: चांभाराची रांपी, न्हाव्याचा आरसा, बाईमाणसाची बांगडी, आणि पाटलाचा व कुणब्याचा नांगर. तीं इवलींइवलीं चित्रें पाहून आम्हांस फार आनंद झाला. साऱ्या दफ्तरांत रयतेच्या स्वतःच्या हातचें असें कांहीं असेल तर तें एवढेंच, असें आम्हीं शेजारीं उभ्या असलेल्या विद्यार्थिनीस मोठ्या जाणतेपणानें सांगितलें. तिनें तें वहींत टिपूनही घेतलें. तें वाक्य येथें मुद्दाम लिहून ठेवतों.

त्यानंतर आम्हांस ह्या वाचनाचा नादच लागला. आठवड्यांतून एक दिवस दफ्तरांत बसून सुपें परगण्याचे कागद चाळावयाचे, आणि रविवारीं वर्गांतल्या पांच-सहा सोबत्यांसह पुण्यांतील एका संस्थेंत जाऊन लोकांनीं आणून दिलेल्या घरगुती कागदांची यादी करावयाची. ह्या रविवारच्या कामास वेतन नाहीं, चहा मिळतो. एकेका कागदास एकेक तक्ता: तिथि, लिहिणार, घेणार, विषय, दस्तुर, निशाणी. हें काम करतांना विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांची आठवण कोणास येणार नाहीं? १८९८ त त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’चा पहिला खंड निघाला आणि पुढें खंडांची संख्या बाविसांवर गेली, गांवोगांव पायपीट करून, तऱ्हेवाईक मालकांचीं मनें धरून, कधीं भांडून, त्यांनीं हे कागद वाण्याच्या पुड्यांतून सोडविले. १९१० त त्यांनीं आणि खंडेराव मेहेंदळ्यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ काढलें, तें अशाच बिनपगारी माणसांच्या भरंवशावर. आमची पायपीट रिक्षानें होते, एवढाच काय तो फरक. बाकी गुणांचा फरक सांगत बसत नाहीं.

सुप्याचे कागद वाचतां वाचतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. शेतकरी त्यांत पानोपानीं आहे, पण नेहमीं कांहीं देण्याच्या प्रसंगीं: आकार, वसूल, बाकी, तगाई, फार तर सूट. पीक उदंड आलें, लेक सुखानें नांदली, खोंड देखणा निघाला, अशा कारणासाठीं कोणाचें नांव दफ्तरांत चढत नाहीं. आमच्या टापूंत ‘कागद करून दिला’ असें कोणी म्हटलें कीं ऐकणारा पुढें कांहीं विचारीत नाहीं. जमीन गेली असेंच समजतो. ह्या धाकाचें मूळ शोधीत आम्ही पेशवाई सोडून इंग्रजी अमलांत उतरलों, आणि तेथें १२ मे १८७५ हा दिवस आमच्यापुढें उभा राहिला.

त्याची पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनीं १८३६ त नव्या धारेबंदीस आरंभ केला तो आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यांत. तीस वर्षांची मुदत संपून १८६७ त तेथें फेरआकारणी झाली, ती सारा वाढवूनच. मग पाळीपाळीनें इतर तालुके आले. मधल्या काळांत, १८६१ पासून १८६५ पर्यंत, अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस विलायतेस पोंचेना, म्हणून इकडच्या कापसास सोन्याचें मोल आलें आणि सावकारानें थैलीचें तोंड सैल सोडलें. युद्ध संपलें, भाव कोसळले, सारा चढला, कर्ज उभें राहिलें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खताचें आयुष्य तीन वर्षांचें ठरविलें होतें. त्यांत हेतु रयतेच्या भल्याचा. पण सावकार दर तीन वर्षांनीं मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवें खत लिहून घेऊं लागला. जुना कागद मरे आणि कर्ज नव्या, अधिक धष्टपुष्ट देहांत जन्म घेई. रयतेस तें काय लिहिलें आहे हें वाचतां येत नव्हतें. तिनें लेखणीस हात लावावयाचा, एवढाच तिचा त्यांत भाग.

१८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं लोकांनीं तेथील सावकारावर बहिष्कार घातला. सुप्यास बहिष्कारावर भागलें नाहीं. १२ मे हा बुधवार, बाजाराचा दिवस होता. आसपासच्या खेड्यांतून बाजारास आलेली रयत सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. दुकानें लुटलीं गेलीं, आगही लागली. पण मागणी एकच होती, वह्या आणि खतें बाहेर काढा. हातीं लागलीं तीं जाळून टाकलीं. तेथून ही लाट नगर जिल्ह्यांत गेली आणि तीसांहून अधिक गांवांत तिनें हाच खेळ केला. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें स्वाधीन केले तेथें त्यास बहुधा कोणी हात लावला नाहीं, हें सरकारनें नेमलेल्या चौकशी-कमिशनासही लिहावें लागलें. त्या कमिशनाचा अहवाल १८७८ त विलायतेच्या पार्लमेंटापुढें गेला. १८७९ त दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. खत लिहावयाचें तर गांवच्या रजिस्ट्रारसमोर लिहावें, सावकारानें पावती द्यावी, न्यायाधीशानें खतावरील आंकडा पाहून न थांबतां त्याच्या मागचा सारा व्यवहार उकरून पाहावा, असें त्यांत ठरलें. सुप्याच्या बाजारांत पेटलेल्या त्या आगीची ऊब कायद्याच्या पुस्तकांत अशी चार वर्षांनीं पोंचली.

त्या दिवशीं जळालेल्या कागदांतला एकही तुकडा दफ्तरांत असावयाचा नाहीं. आहे तें सारें जाळण्याविषयींचें: अधिकाऱ्यांचीं पत्रें, जबान्या, आंकड्यांचे तक्ते, पुरवण्या. रयतेनें कागद जाळला आणि त्या राखेच्या खतावर सरकारी कागदाचें पीक शतपट आलें. हें वाचीत असतां आमचें मन, अर्थातच, रयतेच्या बाजूस होतें. दीडशें वर्षांनंतर बाजू घेणें सोपें असतें. आपण त्याच मातींतले आहों ह्याचा थोडा अभिमानही वाटला. चार लोकांत आम्ही तो बोलूनही दाखवीत होतों.

मग एके दिवशीं घरच्या दुसऱ्या रुमालाची पाळी आली. त्यांत शके १७९५ च्या, म्हणजे श्रीमुखनाम संवत्सराच्या, पंचांगाच्या पानांत घडी घातलेला एक स्टांपाचा कागद निघाला. तो वाचावयास आम्हांस तीन संध्याकाळा लागल्या. मजकूर साधा होता. आमच्याच खेड्यांतील एका कुणब्यानें सुप्याच्या सावकारास लिहून दिलेलें खत: पूर्वींच्या खताची बाकी मुद्दल व व्याज मिळून रुपये ६८, ते जिराईत जमिनीच्या तारणावर हप्त्यानें द्यावयाचे. खालीं निशाणी नांगर. दोघां साक्षीदारांचीं नांवें. आणि अगदीं शेवटीं, ज्यानें खत लिहिलें त्याचें दस्तुर: आमचे खापरपणजोबा. त्यांचें अक्षर मोठें वळणदार होतें. पहिला अर्धा तास आम्ही त्या वळणावरच खूष होतों.

कागद उलटा केला तेव्हां पाठीवर भरण्याच्या दोन ओळी दिसल्या. पहिली त्याच वर्षाची. दुसरी शके १७९८ च्या पौषांतली, रुपये ३. अक्षर तेंच. आम्हीं बोटांवर हिशेब केला. शके १७९८ चा पौष म्हणजे १८७६ ची अखेर आणि १८७७ चा आरंभ. सुप्याची होळी होऊन दीड वर्ष उलटलें होतें. दक्षिणेंत महादुष्काळ पडला होता. आणि त्या दुष्काळांत कोणी एक मनुष्य जें खत जळालें असेल अशी त्यास आशा असावी, त्याच्यापोटीं तीन रुपये घेऊन आमच्या दारांत उभा होता.

काकूंस विचारल्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “माझ्या सासूबाई त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेलं सांगायच्या. सुप्याला दंगा झाला त्या रात्री सावकाराचा गुमास्ता एक गाठोडं टाकून गेला. आपल्या बळदात जोंधळ्याखाली होतं ते पावसाळाभर. गावात कोणाला संशय आला नाही, कुळकर्ण्याचं घर म्हणून. मग गाठोडं परत गेलं. हा एक कसा राहिला कोण जाणे.” थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, “मग तुला काय वाटलं, मी पाणी तापवायला सांगत होते?”

आमच्या वाड्यास त्या दंग्यांत झळ लागली नाहीं ही गोष्ट घरांत पूर्वजांच्या पुण्याईची म्हणून सांगितली जाई. ती पुण्याई जोंधळ्याखालीं होती.

आतां त्या कागदाचें करावें काय? आमचे धाकटे बंधु व्यवहारी; ते म्हणाले, बाकीचे सारे कागद संस्थेस दे आणि हा एक बाजूस ठेव, कोणास कळणार आहे? खोटें कशाला बोला, हा विचार आमच्याही मनांत येऊन गेला होता, आणि बंधूंनीं तो उच्चारला म्हणूनच आम्हांस त्याचा राग आला. आमची पुतणी अमेरिकेंत वॉशिंग्टनजवळ असते. तेथील राष्ट्रीय अभिलेखागारांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना आणि हक्कांची सनद काचेखालीं ठेवल्या आहेत. माणसें रांगा लावून त्या पुसट कागदांपुढून जातात. पण तिला गोडी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या दफ्तरानें सामान्य लोकांस घरबसल्या जुने हस्तलेख वाचून उतरवून देण्याचें काम खुलें केलें आहे, आणि ती सुटीच्या दिवशीं तेथील स्वातंत्र्ययुद्धांत लढलेल्या शिपायांच्या पेन्शनीच्या अर्जांचे कागद उतरविते. तिकडच्या मुलांसही आतां जुनें वळणदार इंग्रजी अक्षर लागत नाहीं. आपल्याकडे मोडीचें झालें तेंच. तिनें लिहिलें, “काका, एका म्हाताऱ्या शिपायाच्या अर्जांत त्याच्या घरचीं भांडीं आणि एक गाय हीसुद्धां मोजलेलीं आहेत. गरिबी सिद्ध करावी लागे ना. तें वाचतांना मला दुसऱ्याच्या घरांत चोरून पाहिल्यासारखें होतें, आणि तरी मी उतरवितें. तुम्ही कागद द्याच. पण आधीं ज्यांचा आहे त्यांस दाखवा.”

ज्यांचा आहे त्यांस. आम्हीं तोंवर तो कागद आमचाच समजत होतों.

खत लिहून देणाऱ्याचे वंशज गांवांतच आहेत. जमीन थोडी राहिली, पण राहिली. त्यांतले वडील आबा. आमच्याहून पंधरा-वीस वर्षांनीं मोठे, तरी आम्हांस लहानपणापासून नाना म्हणतात आणि आम्ही त्यांस आबा. आम्ही गेलों तेव्हां ते ओट्यावर ऊन खात बसले होते. सारी हकीकत, बळदासकट, सांगून टाकली. सांगतांना जेवढें अवघड जाईल असें वाटलें होतें, त्याहून अधिक गेलें. आबांनीं मधें एकदांही अडविलें नाहीं. म्हणाले, “वाचा की, नाना. आता काय जप्ती येनार हाय व्हय?”

आम्हीं वाचलें. आपल्या पणज्याच्या बापाचें नांव ऐकतांच त्यांनीं टोपी सारखी केली. मागच्या दोन ओळी वाचून झाल्या तेव्हां विचारलें, “मग फिटलं का त्ये?”

“पुढें कांहीं लिहिलेलें नाहीं, आबा.”

“हं.” त्यांनीं हात पुढें केला. कागद उन्हांत धरला, दूर नेला, जवळ आणला. अक्षरांकडे त्यांचें लक्ष नव्हतें. “आन् ह्यो नांगूर कुनी काढला?”

“तुमच्याच पणज्याच्या वडिलांनीं. ही त्यांची निशाणी.”

“न्हाई.”

आम्हांस वाटलें त्यांस कर्ज कबूल नाहीं. पण त्यांनीं करंगळीचें नख त्या चित्रावर ठेवलें. “ह्येला रुमनं न्हाई, नाना. फाळ हाय, हाळीस हाय, पर मूठच न्हाई. नांगूर धरनारा मानूस दुसरं काय बी इसरंल, रुमनं इसरनार न्हाई. दिसभर त्येचा हात तितंच असतुया न्हवं का? ह्यो नांगूर लांबनं बघनाऱ्यानं काढलाय.”

आम्हीं कागद परत घेतला आणि चष्मा पुसून पाहिला. नांगराची रेघ ज्या बाजूस झुकली होती त्याच बाजूस आमच्या खापरपणजोबांच्या दस्तुरांतला ‘स’ झुकला होता. शाईचा दाटपणा सारखा, बोरूची जाडी सारखी. तीन संध्याकाळा आम्ही ज्या कागदावर घालविल्या, त्यावरचें हें आम्हांस दिसलें नव्हतें. त्या मनुष्यानें बोरूस निदान हात तरी लावला होता, कीं तो त्या दिवशीं तेथें नव्हताच, हें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं.

आबांच्या सुनेनें चहा आणला. उठतांना आम्हीं विचारलें कीं हा कागद तुम्ही ठेवतां, कीं जाळतां, कीं दफ्तरांत देऊं? जाळणें तुमचा हक्क आहे, असेंही म्हणालों. आबा हंसले. “आता जाळून काय उपेग? तवाच जळाया पायजे हुता.” मग म्हणाले, “ठिवा तितं. आमचं नाव ऱ्हाऊ द्या, तुमचं बी ऱ्हाऊ द्या. पर रुमन्याचं लिवा.”

पुढच्या खेपेस पेशवे दफ्तरांत बसलों तेव्हां ज्यांत महजर आहेत असा एक रुमाल मागविला आणि दिवसभर नांगरच पाहिले. कित्येकांस रुमणें होतें, कित्येकांस नव्हतें. कांहीं ठिकाणीं पांच-पांच नांवांपुढें पांच नांगर एकाच उंचीचे, एकाच कलाचे, जणूं एका दमांत काढलेले. त्या विद्यार्थिनीची गांठ पडली तर तिला वहींतलें तें वाक्य खोडावयास सांगावयाचें आहे. अजून पडलेली नाहीं.

रविवारीं तो कागद आम्हीं इतर कागदांबरोबर संस्थेंत नेला आणि त्याचा तक्ता स्वतःच भरला. निशाणीच्या रकान्यांत ‘नांगर’ एवढें लिहून पुढें जाण्याची आमची चाल आहे. आम्हीं लिहिलें: ‘नांगर, रुमण्यावांचून, रेघ व शाई दस्तुराची दिसते, ही खूण खत लिहून देणाऱ्याच्या वंशजांनीं दाखविली.’ रकाना लहान होता. राहिलेलें समासांत लिहावें लागलें.